उपाध्यक्षाची निवड कोणाच्या हातात?

अमेरिकेत दर चार वर्षांनी उन्हाळ्यात वर्तमानपत्रे आणि वाहिन्या एकच प्रश्न चघळत बसतात: अध्यक्षपदाचा उमेदवार जोडीला कोणाला घेणार? नाव जाहीर झाले की त्या व्यक्तीची जुनी भाषणे, करपत्रे, लष्करातली नोकरी, नवऱ्याचा किंवा बायकोचा धंदा, सगळे उकरले जाते. २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी मूल नसलेल्या स्त्रियांवर २०२१ मध्ये मारलेले शेरे वर आले, तर डेमोक्रॅट उमेदवार टिम वॉल्झ यांच्याकडे नॅशनल गार्ड या राखीव सैन्यातल्या नोकरीचा हिशेब मागितला गेला. गंमत अशी की एवढा काथ्याकूट ज्या पदासाठी होतो, त्याला राज्यघटनेने कामे नेमून दिली आहेत ती जेमतेम: सिनेटचे अध्यक्षस्थान सांभाळायचे, तिथे मते समसमान पडली तरच आपले मत टाकायचे, आणि अध्यक्षाचे पद मध्येच रिकामे झाले तर तिथे बसायचे.

या शेवटच्या कामाचे वजन आपल्याला चटकन जाणवत नाही, कारण आपला उपराष्ट्रपती वेगळ्या घडणीचा. तो कोणाच्या जोडीने निवडणूक लढवत नाही. संसदेचे सदस्य त्याला स्वतंत्रपणे निवडतात. राष्ट्रपतींचे निधन झालेच तर तो हंगामी कारभार पाहतो. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेल्यावर व्ही. व्ही. गिरींनी तो पाहिला, १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद गेल्यावर बी. डी. जत्तींनी. सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. अमेरिकेत मात्र उरलेली सगळी मुदत उपाध्यक्षाच्या पदरात पडते. आजवर नऊ जण असे मध्येच अध्यक्ष झाले, आठ अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे.

सुरुवातीला ‘जोडी’ ही कल्पनाच नव्हती. अध्यक्ष थेट जनता निवडत नाही, राज्याराज्यांनी पाठवलेले निर्वाचक निवडतात. तेव्हा प्रत्येक निर्वाचक अध्यक्षपदासाठी दोन मते देई. पहिला आलेला अध्यक्ष, दुसरा आलेला उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे कट्टर विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, आणि प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्यावर निकाल लागला. हा घोळ पुन्हा नको म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांची मते वेगळी झाली.

१८३० च्या दशकापासून पुढची शंभरेक वर्षे उपाध्यक्षपदाचे नाव पक्षाच्या अधिवेशनात ठरे, आणि ते ठरवत पक्षाचे पुढारी. हिशेब साधा होता. अध्यक्ष उत्तरेचा असेल तर दुसरा दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा घ्यायचा, हरलेल्या गटाचे तोंड गोड करायचे. त्या माणसाला राज्य चालवता येईल का, हे विचारायला फारसे कोणी थांबत नसे. १८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन शपथ घेतल्यानंतर महिन्याभरात वारले. त्यांच्या जागी आलेल्या जॉन टायलर यांनी स्वतःच्याच पक्षाची बँकेसंबंधीची विधेयके नकाराधिकाराने पाडली. पक्षाने त्यांना काढून टाकले, पण अध्यक्षपदावरून काढता येईना.

या काळातला सर्वांत मासलेवाईक किस्सा १९०० चा. उपाध्यक्ष गॅरेट होबार्ट आदल्या वर्षी वारले होते आणि पुन्हा उभे राहणारे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांना जोडीदार हवा होता. तरी त्यांनी निवड अधिवेशनावर सोडून दिली. न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पक्षाचे सर्वेसर्वा थॉमस प्लॅट यांना आपल्याच पक्षाचा गव्हर्नर डोईजड झाला होता. बड्या कंपन्यांवर कर बसवणारा, सांगितलेले न ऐकणारा हा गव्हर्नर म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. त्यांना राज्यातून हलवायचे, तर उपाध्यक्षपदासारखी अडगळ दुसरी कुठली? मॅकिन्ली यांचे निकटवर्ती मार्क हॅना यांनी मात्र फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात जीव तोडून विरोध केला: या वेड्यामध्ये आणि अध्यक्षपदामध्ये फक्त एक जीव उरेल, असा त्यांचा इशारा होता. कोणी ऐकले नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलो शहरात मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आठ दिवसांनी ते वारले, आणि ४२ वर्षांचे रूझवेल्ट अध्यक्ष झाले. प्लॅट यांची चाल त्यांच्यावरच उलटली.

हा अधिकार पुढाऱ्यांच्या हातून निसटला तो दुसऱ्या रूझवेल्टांमुळे. १९४० मध्ये तिसऱ्यांदा उभ्या राहणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना कृषिमंत्री हेन्री वॉलेस हवे होते. वॉलेस काही वर्षांपूर्वीपर्यंत रिपब्लिकन. शिकागोत जमलेल्या डेमोक्रॅट प्रतिनिधींना ते मुळीच पसंत नव्हते. रूझवेल्ट यांनी आपण उमेदवारीच नाकारतो असा मजकूर लिहून तयार ठेवला आणि पत्नी एलिनोर यांना विमानाने अधिवेशनात धाडले. वॉलेस ६२६ मते घेऊन निवडून आले, पण सभागृहातला संताप बघून त्यांना आभाराचे भाषणही करू दिले नाही. माझ्या मते आजच्या सगळ्या वादांचे मूळ इथे आहे. निवड उमेदवाराची एकदा म्हटल्यावर चुकीचा जाबही त्यालाच विचारला जाणार.

पुढाऱ्यांनी १९४४ मध्ये एकदा उट्टे काढले. रूझवेल्ट यांची तब्येत ढासळल्याचे जवळच्यांना दिसत होते, आणि वॉलेस अध्यक्ष होण्याची कल्पना पक्षातल्या बड्या मंडळींना सोसवेना. त्यांनी हॅरी ट्रुमन यांचे नाव पुढे रेटले. अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष राहिलेल्या ट्रुमन यांना १२ एप्रिल १९४५ रोजी शपथ घ्यावी लागली, आणि अणुबाँबची सविस्तर माहिती त्यानंतर जवळपास दोन आठवड्यांनी मिळाली. महायुद्ध चालू असताना!

तरीही उमेदवाराची पूर्वतपासणी ही पद्धत रूढ व्हायला १९७२ उजाडावे लागले. डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना एडवर्ड केनेडींसह अनेकांनी नकार दिला होता, मुदत संपत आली होती, म्हणून मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना १३ जुलैला मायामी बीचच्या अधिवेशनात घाईघाईने घेतले. काही लपलेले प्रकरण आहे का, असे विचारले. त्यांनी नाही म्हटले. प्रत्यक्षात १९६० ते १९६६ या काळात ते नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात दाखल झाले होते आणि विजेच्या झटक्यांचे उपचारही झाले होते. बातमी फुटली तेव्हा मॅकगव्हर्न आधी म्हणाले, माझा ईगलटन यांना हजार टक्के पाठिंबा आहे. मग आठवड्याच्या आत त्यांना बाजूला केले. १८ दिवसांत उमेदवारी आटोपली. अणुबाँबचे बटण अशा माणसाच्या हाती द्यायचे का, हा सवाल तेव्हा उघडपणे झाला. मानसिक आजाराविषयीचा तेव्हाचा धसका त्यात होताच. पण मॅकगव्हर्न यांना खरा फटका बसला तो या उलटसुलट वागण्याचा. नोव्हेंबरमध्ये ते ४९ राज्यांत हरले.

धडा घेतला तो जिमी कार्टर यांनी. १९७६ मध्ये त्यांनी संभाव्य नावांना जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी बोलावून मुलाखती घेतल्या आणि वॉल्टर माँडेल यांना निवडले. माँडेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचे कार्यालय असते त्याच भागात, खोली मिळाली. उपाध्यक्षाला खरे काम मिळू लागले ते तेव्हापासून. मग वकिलांची फौज, लांबलचक प्रश्नावल्या, कागदपत्रांचे गठ्ठे असे सगळे आले, पण वाद काही थांबले नाहीत. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो यांना पतीच्या आर्थिक व्यवहारांनी घेरले, १९८८ मध्ये डॅन क्वेल यांना व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या नॅशनल गार्डच्या नोकरीने. २००० मध्ये जॉर्ज बुश यांच्यासाठी शोध घेणारे डिक चेनी शेवटी स्वतःच उमेदवार झाले! दोघेही टेक्ससचे रहिवासी, आणि निर्वाचकाला आपल्याच राज्याच्या दोघांनाही मत देता येत नाही. तेव्हा चेनींनी मतदारयादीतले नाव वायोमिंगमध्ये हलवले. २००८ मध्ये ७२ वर्षांच्या जॉन मॅकेन यांनी, अलास्काचे गव्हर्नरपद दोन वर्षेही न सांभाळलेल्या सारा पेलिन यांना घेतले, आणि प्रश्न पुन्हा हॅना यांच्याच वळणावर आला.

या निवडीने निकाल बदलतो का? क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या अभ्यासकांचे म्हणणे असे की जोडीदार आपले राज्य जिंकून देतो ही समजूत फारशी टिकत नाही. परिणाम होतो तो उमेदवाराच्या निर्णयशक्तीबद्दल मतदाराच्या मनात जे बसते त्यातून. डोनाल्ड ट्रम्प तर ३१ जुलै २०२४ रोजी, व्हान्स यांना निवडून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना, शिकागोत पत्रकारांपुढे म्हणाले की उपाध्यक्षाचा निवडणुकीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पलीकडे कमला हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना डावलून वॉल्झ यांना घेतल्याची टीका निकालानंतर जोरात सुरू झाली. पेनसिल्व्हेनियाची निर्वाचक मते १९, हॅरिस यांना मिळाली २२६. शपिरो यांनी ते राज्य आणून दिले असते असे धरले तरी बेरीज होते २४५, आणि लागतात २७०.