एंजलची पिल्लं: लटकती वेगळी, पोहती वेगळी

“अंडी फुटली, आता पिल्लांना खायला काय देऊ?” एंजलफिशची जोडी ज्याच्या घरी पहिल्यांदा अंडी घालते, त्याचा तिसऱ्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर सरळ आहे: काहीही देऊ नका. पण ते ऐकायच्या आतच बऱ्याच जणांनी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून टाकीत सोडलेला असतो. पाणी दुधाळ होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी घातलेल्या पाइपवर पांढुरका थर तेवढा उरतो, आणि मग “सोलापूरचं पाणी जड, इथं एंजल होत नाहीत” असा निकाल लागतो. पाण्याला उगाच बोल लावतात. दुकानात मिळणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले आहेत, उजनीच्या नळाच्या पाण्यात ते व्यवस्थित अंडी घालतात आणि पिल्लंही मोठी होतात. मरतात ती आपण लटकती आणि पोहती या दोन वेगळ्या अवस्था एकच समजतो म्हणून.

या घोळाचं मूळ गप्पीत आहे. मासे पाळणारा जवळपास प्रत्येक जण गप्पी किंवा मोलीवरून एंजलकडे येतो. गप्पीचं सगळं तुम्हाला पाठ आहे: मादीचं पोट फुगतं, महिनाभरात पिल्लं पडतात, पडल्या पडल्या झाडाच्या आडोशाला पळतात आणि त्याच दिवशी चिमटीत चुरलेलं खाद्य खातात. डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडलेले गप्पी तर कुणी न बघताही वाढतात. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

एंजलचं तसं नाही. गप्पीची मादी जे काम पोटात उरकते, ते एंजलचं पिल्लू उघड्यावर, पानाला नाहीतर पाइपला लटकून करतं. गप्पीचं पिल्लू आपल्याला पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याचे डोळे, तोंड, आतडं, पर सगळं तयार असतं. एंजलचं पिल्लू पहिल्यांदा दिसतं तेव्हा यातलं काहीच पुरतं झालेलं नसतं. म्हणून गप्पीच्या जन्माशी तुलना करायचीच असेल, तर ती अंडं फुटण्याच्या दिवसाशी करू नका. त्यानंतर चार-पाच दिवसांनी पिल्लू पोहायला लागतं, त्या दिवसाशी करा.

पाणी २७-२८ अंश असेल तर अंडी घातल्यापासून दोन-अडीच दिवसांत फुटतात. फुटतात म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा भिंग आणि टॉर्च घेऊन बघाच. मधाच्या रंगाचा एक गोळा आणि त्याला लागलेली बारीक शेपटी, एवढंच दिसतं. शेपटी एकसारखी वळवळत असते. डोळ्यांत अजून काळा रंग उतरलेला नसतो, आणि तोंड म्हणाल तर ते उघडलेलंच नसतं. डोक्यावरच्या ग्रंथींतून चिकट स्राव येतो, त्याच्या धाग्यानं पिल्लू पाइपला, काचेला आणि शेजारच्या पिल्लाला चिकटून राहतं. दुरून बघितलं तर पाइपवर काहीतरी थरथरतंय असं वाटतं. तो मधाळ गोळा म्हणजे बलकाची पिशवी, आईनं बांधून दिलेली शिदोरी. पुढचे चार-पाच दिवस त्याचं सगळं तिच्यावरच चालतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांचे दोन काळे ठिपके स्पष्ट होतात. भिंगातून हृदयाची धडधड दिसते. बलक लहान होत जातो आणि अंग लांबट व्हायला लागतं. पण पिल्लू अजूनही लटकलेलंच असतं. या काळात तुम्ही टाकलेलं खाद्य, मग ते बलक असो, दुधाची पावडर असो की महागडं ‘फ्राय फूड’, एकाही पिल्लाच्या पोटात जात नाही. ते तळाशी बसतं, पिल्लांच्या पुंजक्यात अडकतं आणि कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं. पोहता मासा निदान वर येऊन तोंड मारेल, चांगल्या पाण्याकडे सरकेल. लटकतं पिल्लू आहे तिथेच राहतं आणि तिथेच मरतं.

उकडलेल्या अंड्याच्या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे, तो यासाठीच. एंजलच्या पिल्लांना तो बलक कुठल्याच दिवशी लागत नाही. पोहायला लागल्यावरसुद्धा नको. ज्या दुकानात हा सल्ला मिळेल, तिथे एंजलबद्दल पुढचं काही विचारू नये.

आता फसगत कुठे होते ते सांगतो, कारण ‘पोहायला लागल्यावर खायला द्या’ एवढं माहीत असलेले लोकही इथे चुकतात. पोहायच्या साधारण आदल्या दिवशी लटकती पिल्लं उड्या मारायला लागतात. धागा सुटतो, पिल्लू शेपटी जोरात हलवत दोन-तीन इंच वर जातं, तिथून गिरक्या घेत पुन्हा खाली पडतं. दहा-वीस पिल्लांनी एकदम हे केलं की टाकीभर पिल्लं पोहतायत असं वाटतं. ते पोहणं नव्हे. पोहतं पिल्लू अंग आडवं धरतं आणि शेपटीचा आटापिटा न करता पाण्यात मध्येच एका जागी तरंगू शकतं. पुढे जातं, थांबतं, वळतं, पण खाली पडत नाही. टाकीसमोर स्टूल टाकून पाच मिनिटं एकाच पिल्लावर नजर ठेवा. थांबताना ते तळाकडे घसरत असेल तर अजून एक दिवस आहे. जागच्या जागी राहिलं तर पोहायला लागलं.

दिवस मोजून हे कळत नाही, आणि सोलापुरात तर अजिबात नाही. पुस्तकातलं वेळापत्रक स्थिर तापमानाचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की घरातल्या टाकीचं पाणी हीटरशिवायच ३१-३२ अंशांवर जातं. तेव्हा सगळे टप्पे लवकर उरकतात, पिल्लं एखादा दिवस आधीच सुटतात. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जानेवारीत, हीटर नसेल तर रात्री पाणी गार होतं आणि तेच काम रेंगाळतं. ‘सातव्या दिवशी खाद्य’ असं कॅलेंडरवर लिहून ठेवणारा उन्हाळ्यात उशीर करतो आणि थंडीत घाई.

उशीरही तितकाच वाईट, फक्त तो दिसत नाही. घाईचा परिणाम दुसऱ्या सकाळी कळतो. उशिराचा परिणाम दोन-तीन दिवसांनी कळतो, त्यामुळे खापर रोगावर फुटतं आणि औषधं सुरू होतात. बलक संपल्यावर पिल्लाकडे साठवलेलं काही उरत नाही. पोहायला लागल्यावर एखादा दिवस ते तग धरतं, पण त्यानंतर इतकं अशक्त होतं की समोर खाद्य आलं तरी त्याचा पाठलाग करता येत नाही. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसणारं पिल्लू पृष्ठभागाजवळ नुसतं थरथरत असेल, तर ते उपाशी आहे, आजारी नाही. आणि बहुतेक वेळा ते वाचत नाही.

म्हणून पहिलं खाद्य पिल्लं पोहायच्या आधी तयार हवं. एंजलसाठी माझं उत्तर एकच आहे: जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची नुकती फुटलेली पिल्लं. गप्पीचं पिल्लू पावडर टिपतं. एंजलचं पिल्लू सुरुवातीला हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं, तळाशी निपचित पडलेला कण त्याच्या लेखी खाद्यच नाही. त्याचं तोंड ताजा आर्टेमिया मावण्याइतकं मोठं असतं, त्यामुळे इन्फ्युसोरियाच्या, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या, भानगडीत पडायचं कारण नाही. कवच काढलेली आर्टेमियाची अंडी मिळतात, ती चांगलीच असतात, पण हलत नाहीत. ती पंधरा दिवसांनंतरची.

आर्टेमियाची अंडी फुटायला २८ अंशांच्या आसपास २४ तास लागतात. पिल्लं पोहताना दिसल्यावर ती फोडायची बाटली लावली तर पहिलाच दिवस उपासाचा जातो. लटकती पिल्लं उड्या मारायला लागली की त्याच दिवशी बाटली लावायची, हे गणित बरोबर बसतं. कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगा. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम खडे मीठ, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत हवेची नळी आणि जवळ एक दिवा. दुसऱ्या दिवशी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी बुडाशी बसतात, आणि दिवा ज्या बाजूला असेल तिकडे केशरी ढग जमतो. तो ढग नळीनं दाट विणीच्या हातरुमालात ओढून घ्या, साध्या पाण्यानं मीठ धुवा, मग टाकीत सोडा. टरफलं वगळण्यात आळस करू नका, ती पिल्लांच्या पोटात अडकतात.

पंधरा-वीस मिनिटांनी टॉर्च मारून बघा. खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी, टपोरं दिसतं. खाद्य दिलं की नाही यापेक्षा पोट केशरी झालं की नाही हे बघायची सवय लावा. बहुतेक पोटं केशरी असली की ठीक, आणि असं दिवसातून तीन-चार वेळा. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून एकदम खूप सोडू नका. उरलेला मेला की पुन्हा तीच कुजण्याची कथा.

आई-बापांबद्दलही एक गैरसमज याच लटकत्या अवस्थेतला. एंजलची जोडी लटकती पिल्लं तोंडात घेते आणि दुसरीकडे थुंकते. तळाशी पडलेलं पिल्लू उचलते, चोखते, पुन्हा पाइपला चिकटवते. सगळा पुंजका एका पानावरून दुसऱ्या पानावर हलवते. गप्पीची आई पिल्लं खाते हे डोक्यात बसलेला माणूस हे बघून घाबरतो आणि जाळी घेऊन टाकीत हात घालतो. त्या गडबडीत बिथरलेली जोडी मग खरोखरच पिल्लं गिळते. तोंडात घेतलेलं पिल्लू बाहेर येतंय का, तेवढं बघा. येत असेल तर टाकीपासून लांब राहा. नवी जोडी पहिली एक-दोन वेतं खाऊन टाकते हे खरं आहे, पण तिला संधीच दिली नाही तर ती शिकणार कधी? पिल्लं वाचवण्याची घाई नसेल तर ती जोडीजवळच ठेवावीत, हे माझं ठाम मत. रात्री मात्र एक मंद दिवा चालू ठेवा.

बाकीचे फरक किरकोळ. पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात, बुरशी त्यांच्यावर नंतर चढते. सगळीच पांढरी होत असतील तर जोडीत दोन्ही माद्या आहेत का ते बघा. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्ल्यू हे निळं औषध वापरलं असेल तर पिल्लं पोहायच्या आत थोडं थोडं पाणी बदलून निळा रंग घालवा. अंड्यांसाठी शहाबादी फरशीचा तुकडा उभा करणारे आपल्याकडे पुष्कळ. ती चुनखडीची असते, आधीच जड असलेल्या पाण्यात ती कशाला? पीव्हीसी पाइप स्वस्त, हलका, उचलायला सोपा.

पाणी बदलण्यात मात्र लटकती आणि पोहती पिल्लं पुन्हा वेगळी. लटकत्या पिल्लांची टाकी स्वच्छ असेल तर तिला फार छेडू नका, हवेचा मंद झोत त्यांच्या शेजारून जात राहिला की पुरे. वळवाच्या पावसात वीज गेली तर हाच झोत बंद पडतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. पोहती पिल्लं खायला लागली की रोज पाव टाकी पाणी बदलावं लागतं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरात पिंप भरलेलं असतंच. त्यातलं पाणी क्लोरिन उडून गेलेलं आणि खोलीच्या तापमानाचं असतं, तेच वापरा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका, हाताला चटका बसेल इतकं ते तापलेलं असतं.

बहुतेक पिल्लं पोहायला लागल्यावर दोन दिवसांनीही काही तळाशी पोटावर घसरत राहतात. ती अजून लटकत्या अवस्थेत आहेत असं समजून बरेच जण वाट बघतात. बलक संपलेला असेल, डोळे काळे झालेले असतील आणि तरी पिल्लू उठत नसेल, तर ज्याच्या जोरावर मासा तरंगतो तो त्याच्या पोटातला हवेचा फुगा भरलेला नाही आणि आता सहसा भरणारही नाही. अशी पिल्लं नळीनं काढून टाका. तळाशी मेली तर त्यांच्यामुळे खराब होणारं पाणी वर पोहणाऱ्या पिल्लांनाच भोवतं.