'ऑटोनोमिया'चा घोळ: ग्रीक शहरांच्या भाऊबंदकीची पार्श्वभूमी

अथेन्स-स्पार्टाचं 27 वर्षांचं युद्ध बहुतेकांना माहीत असतं, ते परत सांगत बसत नाही. इ.स.पू. 404 ला अथेन्स हरलं, बासरीच्या सुरात त्याचे तट पाडले आणि आता ग्रीस मोकळा झाला अशी हवा केली गेली. दहा वर्षंही झाली नाहीत तर स्पार्टाचेच जुने दोस्त, करिंथ आणि थीब्स, हरलेल्या अथेन्सला सोबत घेऊन स्पार्टावर उलटले, आणि मागून पैसा पर्शियाचा.

खरी मेख इ.स.पू. 386 च्या तहात आहे. तह कसला, पर्शियाच्या बादशहाचं शिक्क्याचं पत्रच वाचून दाखवलं, की आशियातली ग्रीक शहरं नि सायप्रस माझं, लेम्नॉस, इम्ब्रॉस, स्कायरॉस ही बेटं अथेन्सची, बाकी लहानमोठी सगळी शहरं स्वायत्त, आणि जो ऐकणार नाही त्याच्याशी मी लढणार.

आता हे स्वायत्त म्हणजे 'ऑटोनोमिया', आपले कायदे आपले. ऐकायला झकास. पण शेजारच्या शहरांनी मिळून लीग, म्हणजे संघ, केली तर ती चालणार का? तहात व्याख्याच नाही, मग ज्याचं सैन्य त्याची व्याख्या, म्हणजे स्पार्टाची. थीब्सची बिओशियन लीग (बिओशिया म्हणजे थीब्सच्या भोवतालचा प्रदेश) मोडली, करिंथ-आर्गोसची जोडी फोडली, स्वतःची पेलोपोनीजमधली, म्हणजे दक्षिण ग्रीसमधली, आघाडी मात्र तश्शीच! वर्षभरात पेलोपोनीजमधल्याच मँटिनिया शहराची वेळ आली. स्पार्टाने गावातून वाहणारी नदी अडवली, पाणी तटापर्यंत चढलं, कच्च्या विटा खालून भिजल्या आणि तट खचला, मग शहर मोडून लोकांना परत खेड्यांत पाठवलं. 382 मध्ये तर ऐन शांततेत थीब्सचा किल्ला बळकावला. ज्या सेनापतीने हे केलं त्याला दंड झाला म्हणतात, शिबंदी मात्र उठवली नाही. वा रे न्याय.

अथेन्सही काही साधं नव्हतं. 377 च्या सुमारास नवी लीग काढली तेव्हा जुना बदनाम 'फोरोस' म्हणजे खंडणी बंद, त्याजागी 'सिंटॅक्सिस' म्हणजे वर्गणी. लीगच्या अटी कोरलेला दगड अथेन्सच्या म्युझियममध्ये अजून आहे, स्पार्टाने ग्रीकांना स्वतंत्र, स्वायत्त राहू द्यावं असं त्यावर लिहिलंय, आणि मधल्या काही ओळी नंतर कोणीतरी छिन्नीने खरवडून काढल्यात.

371 ला स्पार्टात तहाची बैठक भरली. थीब्सने तोवर बिओशियाची शहरं पुन्हा आपल्याकडे ओढली होती. स्पार्टाच्या राजाने थीब्सच्या पुढाऱ्याला विचारलं, बिओशियाची शहरं स्वायत्त करणार का? तो म्हणाला, तुम्ही तुमच्या ताब्यातल्या लॅकोनियाची करता का? तिथल्या तिथे थीब्सचं नाव तहातून खोडलं. जेमतेम तीन आठवड्यांत ल्यूक्ट्राला थीब्स-स्पार्टाची लढाई झाली, तिथे हजर असलेल्या साधारण 700 स्पार्टन नागरिकांपैकी 400 पडले, स्पार्टाला एका वेळी दोन राजे असत, त्यातला बैठकीतला नव्हे पण दुसरा राजाही पडला. पाठोपाठ पिढ्यान्पिढ्या स्पार्टाच्या गुलामीत असलेला मेसेनिया प्रांत सुटला.

मँटिनियाचे लोकही खेड्यांतून परत एकत्र आले, नवा तट बांधला, आणि यावेळी नदी गावातून न्यायची भानगडच ठेवली नाही, तटाच्या बाहेरून वळवली.