मशीन माझं, शेड त्याची: मायनिंगच्या होस्टिंगमागची पार्श्वभूमी

बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही संगणक सतत गणित करून पुढे नेतात. यालाच मायनिंग म्हणतात, आणि नोंदींचा एकेक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, जोडणाऱ्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागचं हे बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर आलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी टेक्सासमधल्या एका मोठ्या होस्टिंग कंपनीने, म्हणजे इतरांची मशिनं आपल्या शेडमध्ये पैसे घेऊन चालवणाऱ्या कंपनीने, आपली सुमारे २०० मेगावॉट क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी १२ वर्षांच्या कराराने देऊन टाकली. हीच कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली होती. तिच्या पाठोपाठ इतरांनीही तोच रस्ता धरला. शेड तीच, ट्रान्सफॉर्मर तेच, पण आत बसणारं गिऱ्हाईक बदललं. ज्यांनी आपली मशिनं अशा शेडमध्ये ठेवली आहेत त्यांच्यापुढे त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: यात आपल्या मालकीचं नेमकं काय आहे?

आपल्याकडे शेळी अर्धलीने पोसायला देतात. शेळी एकाची, चारा-पाणी दुसऱ्याचं, करडं निम्मी-निम्मी. हा व्यवहार कागदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण बाजाराला जाता-येता मालक वाकडी वाट करून शेळी बघून येतो आणि नाही पटलं तर दावं सोडून घरी आणतो. होस्टिंगमध्ये गुंता होतो तो नेमका इथे. मशीन दुसऱ्या राज्यात, कधी दुसऱ्या देशात. वीजजोडणी शेडवाल्याच्या नावावर. निघालेली नाणी कुणाच्या वॉलेटवर आधी पडायची, हे सेटिंगमध्ये ठरतं आणि ती सेटिंगही बहुतेक वेळा शेडवाल्याच्याच हातात. यंत्र, वीज आणि उत्पन्न या तीन वेगवेगळ्या गोष्टींना ‘होस्टिंग’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि वाद होईपर्यंत त्या वेगळ्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. २००९-१० मध्ये मशीन म्हणजे घरचाच संगणक, नंतर ग्राफिक्स कार्ड. २०१० च्या अखेरीस पहिला ‘पूल’ आला, म्हणजे अनेकांनी मिळून मायनिंग करायचं आणि बक्षीस वाटून घ्यायचं. पण त्यात लोक वाटून घेत होते ते नशीब. यंत्र ज्याच्या त्याच्या घरीच होतं. यंत्राच्या मालकीचेच वाटे पाडण्याचा पहिला मोठा प्रयोग २०१२ चा. चीनमधल्या एका गटाने खास चिप बनवण्यासाठी बिटकॉइनमध्येच समभाग विकले. ज्या ऑनलाइन बाजारात हे समभाग फिरत होते, तो ऑक्टोबर २०१२ मध्ये अचानक बंद झाला. चिप आली, चाललीही. पण कुणाकडे किती समभाग आहेत याची यादी जुळवणं हेच मोठं काम होऊन बसलं. पुढच्या दहा वर्षांत जे घडत गेलं त्याचं बी इथे दिसतं: यंत्र शाबूत असतं, हरवते ती नोंद.

जानेवारी २०१३ मध्ये पहिली ॲसिक मशिनं, म्हणजे फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या चिपची मशिनं, ग्राहकांच्या हातात पडली आणि घरातलं मायनिंग हळूहळू संपत गेलं. २०१६ चं लोकप्रिय मशीन साधारण १,३०० वॅट खायचं. २०२० चं ३,२५० वॅट, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. दोन खोल्यांच्या साध्या घराला जवळजवळ महिनाभर पुरेल इतकी वीज एक मशीन चोवीस तासांत संपवतं. वर पंख्यांचा आवाज इतका की शेजारच्या खोलीत झोपणं अशक्य. घरगुती मीटरवर, घरगुती दराने हे परवडत नाही. म्हणून शेड, म्हणून कंटेनर, म्हणून धरणाजवळची किंवा बंद पडलेल्या कारखान्याची जागा. टेक्सासमधल्या रॉकडेलची मोठी शेड उभी राहिली ती ॲल्युमिनियमच्या जुन्या कारखान्याच्या आवारात, कारण तिथल्या वीजवाहिन्या तेवढा भार पेलण्यासाठीच टाकलेल्या होत्या.

विजेचा इतिहास सगळा सांगत बसत नाही, पण दोन गावांचं उदाहरण घेतलंच पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला जलविद्युतचा स्वस्त कोटा ठरवून मिळतो. २०१७-१८ च्या कडाक्याच्या थंडीत घरांचे हीटर आणि मायनिंगची मशिनं एकाच वेळी चालली, कोटा ओलांडला गेला, वरची वीज खुल्या बाजारातून घ्यावी लागली आणि तिचा बोजा घरगुती बिलांवर पडला. मार्च २०१८ मध्ये गावाने नव्या मायनिंगला १८ महिन्यांची बंदी घातली. कोलंबिया नदीवरच्या धरणांमुळे फारच स्वस्त वीज मिळणाऱ्या, वॉशिंग्टन राज्यातल्या शेलान काउंटीतही त्याच महिन्यात नव्या जोडण्या थांबल्या. शेडवाल्याचं नुकसान झालं, हे खरं. पण ज्या म्हातारीचं हिवाळ्याचं बिल वाढलं तिचा या धंद्यात वाटा काय होता, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

चीनमध्ये वेगळीच पद्धत होती. पावसाळ्यात सिचुआनच्या नद्यांना पूर आला की मशिनं ट्रकवर लादून तिकडे न्यायची, कोरड्या महिन्यांत शिनजियांग आणि इनर मंगोलियाच्या कोळशावर परत आणायची. दुसऱ्यांची मशिनं सांभाळणाऱ्यांचा मोठा वर्ग या ये-जा करण्यातूनच तयार झाला. मे-जून २०२१ मध्ये सरकारने हे सगळं बंद पाडलं. जुलैच्या सुरुवातीपर्यंत जगभरातला हॅशरेट, म्हणजे मायनिंगची एकूण गणनशक्ती, जवळजवळ निम्म्यावर आला. मशिनं कझाकस्तानला गेली, तिथे विजेचा तुटवडा झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथेही मायनिंगची वीज तोडली गेली. बरीच मशिनं टेक्सासला पोचली.

टेक्सासने या करारांत एक नवीनच भानगड आणली. तिथे वीजजाळ्यावर ताण आला की मोठा ग्राहक आपला वापर थांबवतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या एका बड्या मायनिंग कंपनीने ३३३ बिटकॉइन काढले आणि वीज न वापरल्याबद्दल ३.१७ कोटी डॉलरची सूट मिळवली. त्या वेळच्या भावाने नाण्यांची किंमत या सवलतीच्या एक तृतीयांशही भरत नव्हती. ही कंपनी स्वतःची मशिनं चालवते तेव्हा प्रश्न नाही. पण शेडमध्ये गिऱ्हाइकाचं मशीन असेल तर? मशीन त्याचं, ते बंद राहिल्याचं नुकसान त्याचं, आणि बंद ठेवल्याचा मोबदला मीटर ज्याच्या नावावर त्याचा. करारात तसं वेगळं लिहून घेतलं नसेल तर मालकाला यातला पैसाही मागता येत नाही.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यावर अमेरिकेतली न्यायालयं दहा वर्षं घासाघीस करत आहेत. होस्टिंग ही जागेच्या भाड्यासारखी सेवा आहे की गुंतवणुकीचा करार? भाडं असेल तर विकणाऱ्यावर साधा ग्राहक कायदा लागतो. गुंतवणूक असेल तर कायद्याच्या लेखी तो रोखा (सिक्युरिटी) ठरतो, मग नोंदणी, हिशेबाची माहिती उघड करणं, सगळंच आलं.

याचा निकष १९४६ च्या एका खटल्यातून येतो, आणि तो खटला आहे फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांचा. बागेचे छोटे पट्टे लोकांना विकले जात. खरेदीखत व्हायचं, जमीन खरोखर नावावर व्हायची. घेणारे बहुतेक दूरच्या गावचे, जवळच्या हॉटेलात सुट्टीला आलेले. सोबत बाग सांभाळण्याचा करार पुढे केला जायचा. हा करार घेणं सक्तीचं नव्हतं, दुसऱ्या कुणाकडूनही काम करून घेण्याची मुभा होती, तरी विकलेल्या जमिनीपैकी ८५ टक्के याच कराराखाली आली. करार केला की मालकाला परवानगीशिवाय स्वतःच्या पट्ट्यात फळ काढायला जाता येत नसे. सगळी फळं एकत्र विकली जात, पैसे हिशेबाने वाटले जात. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हातात खरेदीखत असलं तरी हा गुंतवणुकीचाच करार आहे: पैसे घातले, सामाईक धंद्यात घातले आणि नफा दुसऱ्याच्या मेहनतीतून अपेक्षिला.

संत्र्याच्या जागी मशीन ठेवून हे पुन्हा वाचून बघा. एकही वाक्य फारसं बदलावं लागत नाही.

तरीही निकाल एका दिशेने गेले नाहीत. २०१४ मध्ये कनेटिकटमधल्या एका कंपनीने हॅशरेटचे छोटे वाटे विकले. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने (एसईसी) दावा लावला: १०,००० हून जास्त लोकांकडून सुमारे २ कोटी डॉलर घेतले, आणि विकला तेवढा हॅशरेट कंपनीकडे कधीच नव्हता. संस्थापकाने पुढे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. मग ग्राहकांचा दिवाणी खटला उभा राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे वाटे रोखे नव्हतेच. ज्युरी कारणं सांगत नाही. ग्राहकाला आपला वाटा कोणत्या पूलला लावायचा हे निवडता येत होतं, म्हणजे थोडं नियंत्रण त्याच्याकडे होतं, हा बचाव पक्षाचा मुद्दा होता. फसवणूक झाली होती, पण जे विकलं गेलं ते रोखे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कायद्यात खऱ्या ठरल्या.

तीन वर्षांनी युटामध्ये उलटं घडलं. तिथे ३,००० डॉलरला मायनिंग यंत्राची एक पेटी विकली जात होती, सोबत ती चालवण्याचा करार. नियामकाचा आरोप असा की विक्रेत्यांनी १.८ कोटी डॉलर गोळा केले, पेट्यांच्या नावाखाली साधी बिटकॉइनची मशिनं घेतली, त्यांतून निघालेलं बिटकॉइन स्वतःकडे ठेवलं आणि ग्राहकांना भलतंच टोकन, म्हणजे दुसरंच डिजिटल नाणं, दिलं. आम्ही फक्त यंत्र विकलं, असा बचाव होता. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळायला नकार दिला: यंत्र आणि करार वेगळे करून बघता येणार नाहीत, आरोप खरे धरले तर एकत्र मिळून ती गुंतवणूकच होते. आरोप सिद्ध झाले असा याचा अर्थ नाही. पण विक्रेत्यांचं आवडतं वाक्य, ‘आम्ही तर नुसतं हार्डवेअर विकतो’, या निकालानंतर पूर्वीइतकं सुरक्षित राहिलं नाही.

मार्च २०२५ मध्ये नियामकाच्या एका विभागाने मत प्रसिद्ध केलं की स्वतः किंवा पूलमध्ये मिळून केलेलं मायनिंग रोख्यांच्या कायद्यात येत नाही. अनेकांनी ते होस्टिंगलाही लागू असल्यासारखं सांगितलं. मला ते पटत नाही. त्या मतात स्वतःचं यंत्र स्वतः चालवणारा माणूस गृहीत आहे. ज्याने आपलं मशीन कधी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही, तो फ्लोरिडाच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याच्या जास्त जवळचा आहे.

यंत्र खरोखर असलं, नंबरासकट नावावर असलं, तरी मालकी किती पातळ असू शकते हे २०२२ ने दाखवलं. एप्रिलमध्ये अमेरिकेने रशियातल्या एका मोठ्या शेडवाल्यावर निर्बंध लादले. एका अमेरिकी मध्यस्थाच्या गिऱ्हाइकांची सुमारे ३ कोटी डॉलरची मशिनं तिथे चालू होती. त्या दिवसापासून शेडवाल्याला भाडं देणं हाच अमेरिकी माणसासाठी गुन्हा झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतला दुसरा एक मोठा शेडवाला दिवाळखोरीत गेला, डिसेंबरमध्ये सुरुवातीला सांगितलेली कंपनी. बिटकॉइनचा भाव पडला होता, विजेचा चढला होता आणि ठरावीक दराने होस्टिंग विकलेले लोक त्या कात्रीत सापडले होते.

आपल्याकडे हा विषय पोचला तो शेडमधून नाही, योजनेतून. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात आणि बाहेर हजारो लोकांनी एका ‘क्लाउड मायनिंग’ योजनेत बिटकॉइन गुंतवले. महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं वचन. माणसामागे माणूस जोडला की वर कमिशन. बाहेरगावच्या शेडमध्ये आपल्या वाट्याचं यंत्र चालू आहे, अशी समजूत. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच टोकनमध्ये मिळू लागला. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. दोनच महिन्यांनी, तपासात मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त वॉलेटमधली नाणी त्यांनी वळवल्याचा आरोप होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, कोल्हापूर, नांदेड, दिल्ली, बंगळुरूसह ६० हून जास्त ठिकाणी छापे पडले.

या योजनेत वाटा होता तो कशाचा? यंत्राचा क्रमांक कुणाला दिला गेला नव्हता. शेडचा पत्ता कुणी विचारला नव्हता. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की आपल्याकडची सगळी चर्चा ‘बिटकॉइन वाईट की चांगलं’ यावर झाली, कराराच्या कागदावर कुणी बोललंच नाही. अर्धलीची शेळी देतानासुद्धा माणूस विचारतो, बांधणार कुठे?

आणि जो प्रामाणिकपणे स्वतःचं मशीन घेऊन भागीत किंवा भाड्याच्या शेडमध्ये चालवतो, त्याचीही इथे सोय नाही. एप्रिल २०२२ पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात सरकारने लोकसभेत स्पष्ट केलं की मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च हा नाणं मिळवण्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. म्हणजे चार जणांनी मिळून मशीन घेतलं तर नाण्याच्या विक्रीवर कर प्रत्येकाच्या वाट्यावर लागेल, पण मशीनसाठी घातलेले पैसे चौघांपैकी कुणाच्याच हिशेबात धरले जाणार नाहीत.