पोटाचं ऑपरेशन झालंय? बादली उचलण्याआधी हे वाचा

आमच्याकडे रायडिंगला येणारे आणि स्वतःचा घोडा आमच्या तबेल्यात ठेवणारे, अशा दोघांसाठी हे लिहिलंय. कारण एकच फोन सारखा येतो. कुणाचं अपेंडिक्स झालेलं असतं, कुणाचं हर्नियाचं, कुणाचे पित्ताचे खडे, कुणाचं सिझर, कुणाची गर्भपिशवी काढलेली, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, टाके निघाले, रविवारी येऊ ना?" मी म्हणते जरा थांबा. मग दुसरं वाक्य येतं, "बरं, घोड्यावर बसत नाही, नुसतं तबेल्यात हातभार लावतो, तेवढंच मन रमेल."

हे दुसरं वाक्यच घात करतं. घोड्यावर बसणं धोक्याचं हे सगळ्यांना कळतं, पण तबेल्यातलं काम म्हणजे हलकं, घरातल्या झाडूपोछासारखं, असं का कोण जाणे सगळ्यांना वाटतं. जरा हिशेब करून बघा. आमची पाण्याची बादली 15 लिटरची, म्हणजे पाण्याचंच वजन 15 किलो. एक घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी सहज पितो, गोव्यातल्या मे महिन्यात तर त्याहून जास्त, म्हणजे एका घोड्यामागे तीन-चार बादल्या तरी झाल्याच. आमच्या सॅडल, म्हणजे खोगिरं, मी काट्यावर ठेवून बघितल्यात, रिकिबींसकट, म्हणजे पाय अडकवायच्या कड्यांसकट, 7 ते 9 किलो भरतात, आणि ते वजन हातात धरून चालायचं नसतं, छातीच्या उंचीपर्यंत उचलून घोड्याच्या पाठीवर टाकायचं असतं. लीद उपसताना फावडं भरून कमरेत वळायचं. खूर साफ करताना वाकायचं, आणि वाकल्यावर काही घोडे खुशाल आपला भार तुमच्यावर टाकतात. वर दोराला धरून चालवताना 400-450 किलोचं जनावर कुत्रा भुंकला म्हणून एक हिसका देतं. आणि तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलेलं असतं? पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर बहुतेक सर्जन पहिले सहा आठवडे 4-5 किलोच्या वर काही उचलू नका असंच सांगतात.

टाके निघाले म्हणजे फक्त वरची कातडी जुळली. ती आठ-पंधरा दिवसांत जुळते आणि दिसायलाही छान दिसते, म्हणूनच माणूस फसतो. खरा भार पेलतं ते आतलं, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण, आणि ते फार सावकाश भरून येतं. दीड-दोन महिन्यांनी त्याची ताकद निम्म्याच्या आसपास आलेली असते, पुढे महिनोन्महिने वाढत जाते, पण मूळच्या इतकी पूर्ण कधीच होत नाही. श्वास रोखून जड काही उचललं की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो नेमका त्या कच्च्या जागी जाऊन बसतो. तिथून आतडं बाहेर डोकावायला लागलं की झाला चिरेवरचा हर्निया. दुर्बिणीतून झालं असेल तर भोकं लहान असतात आणि माणूस लवकर उठतो हे खरं, पण बेंबीजवळचं भोक बहुतेक वेळा सेंटीमीटरभर असतं आणि हर्निया तिथूनही येऊ शकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी गर्भपिशवी काढली तेव्हा पोट उघडावं लागलं होतं. पाचवा आठवडा होता, मे महिना, घोड्यांची देखभाल करणारे आमचे सईस काका चवळी आणायला म्हापसा बाजारात गेले होते, आणि मैना, आमची म्हातारी घोडी, रिकामी बादली पायाने वाजवत उभी होती. ती तहानली की असंच करते, एक पाय, मग थांबते, मग माझ्याकडे बघते. मला राहवलं नाही. नळाखालून बादली भरली आणि उचलून तिच्यापुढे ठेवली. गंमत म्हणजे काहीच दुखलं नाही, म्हणून मी दुसरीही भरली. पंधरा-वीस दिवसांनी अंघोळ करताना खोकला आला आणि चिरेच्या एका टोकाला लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. आडवं पडलं की आत जायचा, उभं राहिलं की परत. डॉक्टर म्हणाले बादलीनेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण त्या दिवसात ती उचलायची नव्हती हे नक्की. दुसरं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. तीन महिन्यांत सॅडलवर परत यायची ती मी दहाव्या महिन्यात आले, अख्खा सीझन गेला.

म्हणून आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी घोड्यावर बसणं, बादली उचलणं सगळ्यात शेवटी. डॉक्टरांनी रायडिंगला हो म्हटलं की पहिले दोन-तीन वेळा फक्त वीस मिनिटं, दोर सईस काकांच्या हातात, घोडी मैना, आणि चाल साधी. सरळ बसून शांत घोड्यावर चालण्यात पोटावर ताण कमी येतो, बादलीत तो एका झटक्यात येतो. चढायचं फक्त चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायरीवरून, जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून अंग वर ओढायचं नाही. आणि उतरायचंही पायरीवरच, हे लोक विसरतात. नेहमीसारखं उतरताना आपण पुढे झुकून पोट सॅडलवर टेकवून खाली घसरतो ना, ते नेमकं चिरेवरच घासतं. ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, नंतर, तोही आधी रिकिबीवर उठत-बसत, बसून ट्रॉट त्याच्याही नंतर. कँटर, म्हणजे हलकी दौड, आणि उड्या त्याहूनही नंतर. किती आठवड्यांनी काय ते तुमचे सर्जन ठरवतील, पण उघड्या ऑपरेशननंतर ट्रॉटसाठी आम्ही स्वतः तीन महिन्यांच्या आत कुणाला घेत नाही, मग कितीही ओळख असो. पडण्याची भीती साध्या चालीतही शून्य नसते आणि हेल्मेट डोकं वाचवतं, पोट नाही.

आता चिठ्ठीबद्दल, कारण यावरून लोक नाराज होतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हटलं की "त्यांनी नॉर्मल कामं करा म्हणून सांगितलंय" हे उत्तर येतं. अहो, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर नॉर्मल म्हणजे ऑफिस, स्वयंपाक, बाजार. त्यांना घोड्याचं कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून त्यांना स्पष्ट विचारा, 15 किलोची बादली दिवसातून चारदा उचलू का, 8 किलोची सॅडल छातीपर्यंत उचलू का, घोड्यावर बसू का, आणि पडलो तर चालेल का. चिठ्ठीत रायडिंग आणि वजन उचलणं ही दोन्ही वेगवेगळी लिहून आणा, एकाला हो म्हणजे दुसऱ्याला हो नाही. आम्ही तुम्हाला उगाच पळवतो असं काहींना वाटतं. तसं नाहीये, चिठ्ठीशिवाय घेतलं तर आमचा एक क्लास भरतो आणि तुमचं वर्ष जातं. आणि फीचं टेन्शन घेऊ नका, भरलेली फी सहा महिन्यांपर्यंत आम्ही पुढे ढकलतो, एक रुपया जास्त न घेता.

"स्कूटर चालवतो मग घोडा का नाही" असंही विचारतात. स्कूटर सावली बघून बुजत नाही. "पट्टा लावलाय" म्हणतात. पट्ट्याने आधार वाटतो, आतलं आवरण त्याने लवकर जुळत नाही. डिचोलीच्या एका दादांनी विचारलं शिगम्याला घोडेमोडणीत नाचू का, लाकडाचाच तर घोडा, आणि मला ते विचारणं आवडलं, कारण तो घोडा कमरेलाच बांधलेला असतो आणि ढोलाच्या तालावर उड्या पडतात. त्यांनाही तेच सांगितलं, यंदा सर्जनना विचारल्याशिवाय नको.

स्वतःची परीक्षा घरच्या घरी घ्या. खोकला किंवा शिंक आली की हात आपोआप पोटावर जातो का? जात असेल तर तुम्ही अजून तयार नाही. अर्धा तास सलग चालून बघा, पलंगावरून कशाला न धरता उठून बघा.

तोवर तबेल्यात येऊच नका असं मी म्हणत नाही, मलाही घोड्याच्या वासाशिवाय करमत नव्हतं. बसून सॅडलला तेल लावा, बांधलेल्या मैनाला खांद्याच्या उंचीपर्यंत हलका खरारा करा, म्हणजे अंगावर ब्रश फिरवा, सईस काका शेजारी असताना. मात्र जखम पूर्ण बंद झाल्यावरच या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं आहे का ते बघा, कारण ते जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदेत असतातच. पावसात तर आणखी जपा, दगडी चिऱ्यांवर शेवाळ येतं, पाय घसरला तर पोटालाच हिसका बसतो, आणि घट्ट रायडिंग पँटचं इलॅस्टिक घामाने भिजून बरोबर सिझरच्या चिरेवर बसतं. उंच कमरेची सैल पँट घाला.

ज्यांचे स्वतःचे घोडे आमच्याकडे आहेत त्यांनी घोडा आळशी होईल, फुगेल म्हणून घाई करू नका. ऑपरेशनची तारीख कळली की आधीच कळवा, तेवढे महिने व्यायाम, खरारा, नालबंद, सगळं आम्ही बघतो, महिन्याला ठराविक रक्कम, आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ पाठवतो. यंदा तिघांनी ही सोय घेतलीय, मालक परत आल्यावर तिघांचेही घोडे त्यांच्या हातात नीट चालले.

फुगवटा दिसला, चिरेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं, तर आम्हाला नाही, डॉक्टरांना फोन करा. फुगवटा कडक झाला, आत जात नाही, वर उलट्या होतायत, तर फोनही नको, सरळ कॅज्युअल्टी गाठा, रात्र असली तरी.

बाकी बुकिंगसाठी फोन सकाळी नऊनंतर करा, त्याआधी आम्ही सगळे मैदानावर असतो. चिठ्ठीचा फोटो पाठवलात तरी चालेल, पायरी आणि मैना दोन्ही तुमच्यासाठी राखून ठेवू.