उदंचन प्रकल्प: रात्रीच्या विजेकडून दुपारच्या विजेकडे

रात्री पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, अशी उदंचन जलविद्युत प्रकल्पांची ओळख अजूनही करून दिली जाते. यातला ‘रात्री’ हा शब्द एका विशिष्ट काळातून आला आहे, ढोबळमानाने 1960 ते 1985 या काळातून.

त्याआधीचे थोडक्यात. 1890 च्या दशकात आल्प्सच्या परिसरात सुरुवात झाली. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचा 1909 चा छोटा प्रकल्प आजही चालू आहे. तेव्हा पंप वेगळा आणि टर्बाइन वेगळे असे. एकच यंत्र उलटसुलट फिरवून दोन्ही कामे करून घेणे 1930 च्या दशकात जमले. टेनेसी नदीच्या खोऱ्यातल्या हायवासी धरणावर 1956 मध्ये असे मोठे यंत्र बसले आणि पुढच्या प्रकल्पांचा खर्च बराच उतरला.

त्याच सुमारास मोठी औष्णिक आणि मग अणुवीज केंद्रे उभी राहू लागली. ती रात्री बंद करणे परवडत नव्हते आणि त्यांची वीज घ्यायला गिऱ्हाईकही नव्हते. ती मुरवायला डोंगर हवा होता, शक्यतो शहराजवळ. 100 मीटर उंचीवर एक युनिट साठवायला सुमारे 3.7 घनमीटर पाणी लागते, तेही कुठलाही तोटा न धरता. म्हणून उंच कडा आणि पायथ्याशी बारमाही पाणी अशा जागांना सोन्याचा भाव आला.

हडसन नदीवरचा स्टॉर्म किंग डोंगर नेमका असा होता. न्यूयॉर्कला वीज पुरवणाऱ्या कंपनीने 1962 मध्ये तिथे सुमारे 2000 मेगावॉटचा प्रकल्प जाहीर केला. परवाना मार्च 1965 मध्ये मिळाला. नोव्हेंबरमध्ये ईशान्य अमेरिका अंधारात बुडाली, तेव्हा हा प्रकल्प किती निकडीचा आहे हे सांगायला कंपनीला आयतीच संधी मिळाली. तरी डिसेंबरच्या अखेरीस अपील न्यायालयाने परवाना रद्द केला. निसर्गसौंदर्याला बाधा पोहोचते म्हणून दाद मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे, आणि दुसरे पर्याय शोधणे ही परवाना देणाऱ्याचीच जबाबदारी आहे, असे न्यायालय म्हणाले. पर्यावरणविषयक कायद्यांचा इतिहास बहुधा याच निकालापासून सांगतात.

ते बरोबर आहे, पण त्या निकालाने प्रकल्प मेला नव्हता. 1970 मध्ये परवाना पुन्हा मिळाला, पुढे न्यायालयातही टिकला आणि 1974 मध्ये काम सुरू झाले. गाडी खरी अडली ती माशांवर. पंपांत किती अंडी आणि पिल्ले ओढली जातील याचा हिशेब करताना तज्ज्ञांनी पाणी एकाच दिशेने वाहते असे धरले होते. हडसनला तिथवर भरती-ओहोटी येते. तेच पाणी आणि त्यातली तीच पिल्ले पंपाच्या तोंडासमोरून पुन्हा पुन्हा जाणार होती. दोन्ही दिशांनी चालणारे यंत्र बसवायला निघालेल्यांना नदीही दोन्ही दिशांनी वाहते हे सुचू नये, याचे मला अजून नवल वाटते. न्यायालयाने माशांची सुनावणी पुन्हा उघडायला लावली, काम थांबले आणि डिसेंबर 1980 मध्ये तडजोड झाली. कंपनीने परवाना सोडला, जागा उद्यानासाठी दिली.

या तडजोडीचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. बदल्यात, नदीकाठच्या आधीच्या वीजकेंद्रांवर शीतकरण मनोरे (यंत्रे थंड करायला नदीतून कमी पाणी ओढावे लागावे म्हणून) बांधण्याची मागणी सोडून देण्यात आली. ही केंद्रेही मासे ओढतच होती. डोंगर वाचला हे नक्की. नदी किती वाचली, हा वेगळा प्रश्न.

मिशिगन सरोवराकाठी लडिंग्टन इथे 1973 मध्ये असाच प्रकल्प झाला आणि मासे मरण्याची तक्रार तिथेही आली. 1989 पासून तिथे दर हंगामात सुमारे 4 किलोमीटर लांबीचे जाळे पाण्यात उतरवतात. नदीपासून दूर, तेच पाणी वरखाली खेळवणारी दोन बंदिस्त तळी आज अधिक पसंत केली जातात. त्यामागे फक्त हे वाद आहेत असे म्हणता येणार नाही, पण या वादांना वगळून ती पसंती समजतही नाही.

1984 मध्ये वेल्समध्ये डिनॉर्विग आणि 1985 मध्ये व्हर्जिनियात बाथ काउंटी सुरू झाले. डिनॉर्विगची यंत्रे पाणी न सोडता नुसत्या हवेत फिरत ठेवली असली तर सुमारे 12 सेकंदांत 1320 मेगावॉटपर्यंत जातात. वीज साठवणे आणि ती क्षणात देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे ठळक झाले. त्यानंतर स्वस्त गॅस टर्बाइन आल्या, नवी अणुकेंद्रे कमी झाली आणि पाश्चात्त्य देशांत नवे काम मंदावले.

मग सौरऊर्जेने वेळापत्रकच उलटे केले. जर्मनीत आधी तोटाच झाला: दुपारची चढी मागणी सौर वीज भागवू लागली, त्यामुळे भावातला फरक आटला आणि जुन्या उदंचन केंद्रांची कमाई घसरली. सौर वीज आणखी वाढली तशी दुपार हीच स्वस्त विजेची वेळ ठरू लागली. आता अनेक ठिकाणी पंप भर उन्हात चालतात आणि टर्बाइन सूर्य मावळताना.

पंप चालू असताना भार कमीजास्त करता यावा म्हणून बदलत्या वेगाची यंत्रे आली. त्यांची सुरुवात जपानमध्ये 1990 च्या सुमारास झाली. चीनमधल्या फंगनिंगच्या 3600 मेगावॉटच्या केंद्रात 12 संच आहेत. त्यांपैकी दोन असे आहेत, कारण वाऱ्याची वीज कधी, किती येईल हे रात्रीच्या वेळापत्रकाला विचारून ठरत नाही.