अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ ऐन मोक्याला कच खायचा का?

७ ऑक्टोबर २००६ला डेट्रॉइटच्या मैदानावर न्यू यॉर्क यँकीजचे मॅनेजर जो टोरी यांनी बॅटिंगचा क्रम जाहीर केला. त्यात अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझचं नाव आठव्या क्रमांकावर होतं. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने आळीपाळीने बॅटिंगला येतात. तिसरा-चौथा क्रमांक संघातल्या सर्वांत दणकट बॅटरचा असतो, आठवा-नववा उरल्यासुरल्यांचा. रॉड्रिगेझ आदल्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्या हंगामातही त्याने ३५ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले होते आणि बेसबॉलमधला सर्वांत महागडा करार त्याच्या नावावर होता. अशा माणसाला आठव्या क्रमांकावर पाठवणं म्हणजे भर चौकात कान धरण्यासारखं होतं.

यँकीज तो सामना ८-३ असा हरले आणि प्लेऑफमधून, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांतून, बाहेर गेले. त्या मालिकेत रॉड्रिगेझने १४ प्रयत्नांत एकदाच यशस्वी फटका मारला. २००५च्या प्लेऑफमध्ये १५ प्रयत्नांत २. न्यू यॉर्कचा प्रेक्षक मुळातच उदार मनाचा नाही. सामना खिशात असताना हा मारतो आणि गरज पडली की याचे हातपाय गळतात, असं मत शहरभर पक्कं झालं. स्वतःच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली जाऊ लागली.

हा आरोप तपासता येतो का? बेसबॉलइतकी बारीक नोंद ठेवणारा खेळ क्वचितच असेल. प्रत्येक बॅटर, प्रत्येक पिचर (चेंडू टाकणारा), कोणती इनिंग, स्कोअर काय, बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) कोण होतं, सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे उत्तर कुठल्यातरी वहीत तयारच असायला हवं. पण संशोधकांना त्यासाठी तीस वर्षं झगडावं लागलं, आणि हाती आलं ते उत्तरही दोन्ही बाजूंना पचणारं नव्हतं.

आधी १४ पैकी १ या आकड्याकडे बघू. बेसबॉलमधली सरासरी म्हणजे यशस्वी फटके भागिले प्रयत्न. ०.३०० सरासरीचा बॅटर उत्कृष्ट समजला जातो, म्हणजे दहातले सात वेळा तोही फसतोच. प्लेऑफमध्ये तर समोर निवडक पिचर असतात. लांबलचक हंगामात अधूनमधून भेटणारे संघाचे चौथे-पाचवे पिचर तिथे फारसे दिसतच नाहीत, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे घसरतात. म्हणून समजा, रॉड्रिगेझ तिथे ०.२५० सरासरीचाच बॅटर आहे. त्याच्यावर कसलंही दडपण नाही, तो यंत्रासारखा खेळतो, दर चार प्रयत्नांत सरासरी एक फटका. अशा यंत्राला १४ प्रयत्नांत शून्य किंवा एकच फटका मिळण्याची शक्यता किती? हिशेब केला तर साधारण १० टक्के येते. १५ प्रयत्नांत दोन किंवा त्याहून कमी फटके मिळण्याची शक्यता तर २४ टक्क्यांच्या आसपास.

२००६च्या पहिल्या फेरीत आठ संघ होते, म्हणजे सत्तरेक नियमित बॅटर. त्यातल्या सात-आठ जणांची मालिका निव्वळ योगायोगानेही इतकीच वाईट जाऊ शकते, आणि दर वर्षी काही जणांची जातेच. बाकीच्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, कारण त्यांचा पगार कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता.

संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब घेतला तर रॉड्रिगेझची एरवीची सरासरी ०.२९५ आणि प्लेऑफमधली ०.२५९. फरक मोठा वाटतो खरा. पण प्लेऑफमधले त्याचे प्रयत्न २८०च्या आत-बाहेर. त्या प्रयत्नांत सुमारे १० फटके जास्त बसले असते तर दोन्ही आकडे जुळले असते. डझनभर वर्षांत विखुरलेले दहा फटके! त्यांतले काही क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यापासून वीतभर अंतराने हुकलेले असतील. त्यावरून माणसाच्या काळजाचा ठाव घ्यायला मी तरी धजणार नाही.

या प्रश्नाला शास्त्रीय पद्धतीने भिडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक रिचर्ड क्रेमर. १९७७मध्ये त्यांनी १९६९ आणि १९७० हे दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मोक्याच्या वेळी उंचावणं हा खरोखरचा गुण असेल, तर ज्यांच्यात तो एका वर्षी दिसला त्यांच्यात पुढच्या वर्षीही दिसला पाहिजे. होम रन मारण्याची ताकद अशीच टिकते, पळण्याचा वेगही टिकतो. मोक्याचा हा गुण मात्र टिकलेला दिसला नाही. पहिल्या वर्षीचे मोक्याचे वीर दुसऱ्या वर्षी यादीत कुठेही विखुरलेले सापडले. क्रेमर यांनी निष्कर्ष काढला की असा बॅटर अस्तित्वातच नाही.

आकडेवारीत रमणारी मंडळी त्यानंतर पाव शतक हा निष्कर्ष ब्रह्मवाक्यासारखा फेकत राहिली, आणि खेळाडू त्यांच्यावर चिडत राहिले. २००४मध्ये बिल जेम्स यांनी याच निष्कर्षाला सुरुंग लावला. ते स्वतः आकडेवाल्यांचे मेरुमणी, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. त्यांचं म्हणणं असं की क्रेमर यांच्या पद्धतीत दोन डळमळीत आकड्यांची वजाबाकी होते: मोक्याच्या वेळची कामगिरी वजा एरवीची कामगिरी. दोन्हींत योगायोगाचा भाग असतो आणि वजाबाकीत तो आणखी फुगतो. मग अशा दोन फुगलेल्या वजाबाक्यांची वर्षा-वर्षांत तुलना करायची! गुण खरोखर असता तरी या पद्धतीला तो दिसला नसता. धुक्यात पहारेकऱ्याला कुणी दिसलं नाही, एवढ्यावरून तिथे कुणी नव्हतंच असं ठरत नाही, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. संख्याशास्त्रात ही चूक पावलोपावली होते. पुरावा सापडला नाही की लोक गोष्टच नाही असं धरून चालतात, आणि जी पाहणी झाली ती गोष्ट पकडू शकेल एवढी मोठी होती का, हे विचारायचं राहून जातं.

पुढे टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्रू डॉल्फिन यांनी कितीतरी हंगामांची माहिती एकत्र करून पुन्हा शोध घेतला. त्यांना गुण सापडला, पण फारच छोटा. सहांतला साधारण एक बॅटर दडपणाखाली बेसवर पोचण्याच्या प्रमाणात ०.००८ किंवा त्याहून जास्त सुधारतो, आणि जवळपास तेवढेच जण तेवढेच घसरतात. ०.००८ म्हणजे १२५ संधींमागे एक. नियमित खेळणाऱ्या बॅटरला हंगामभरात खरोखर मोक्याच्या संधी मिळतात शंभरेक. म्हणजे सुधारणारा बॅटर वर्षाकाठी जेमतेम एकदा जास्त बेसवर पोचतो. टोरींच्या जागी असलेल्या मॅनेजरला याचा उपयोग शून्य.

शिवाय एवढा बारीक फरक एका माणसात ओळखायचा कसा? बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३४०च्या आसपास धरलं, तर योगायोगाची चढउतार या फरकाएवढी खाली आणायलाच साधारण ३५०० मोक्याच्या संधी लागतात. वर्षाला शंभर धरल्या तर पस्तीस हंगाम, आणि तेव्हाही नुसता संशय घेता येईल, खात्री देता येणार नाही. रॉड्रिगेझ २२ हंगाम खेळला. त्याच्याबद्दलचा निकाल त्याच्या हयातीतल्या आकड्यांवरून लागणं शक्यच नव्हतं. लोकांनी तो दोन शरद ऋतूंत लावून टाकला.

मग दडपणाने माणूस बिघडतो हे सगळं खोटं की काय? अजिबात नाही. प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसलं आहे. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रॉब ग्रे यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी कॉलेज संघांतल्या बॅटरना पडद्यावरच्या आभासी चेंडूवर खरी बॅट फिरवायला लावली. मध्येच एक आवाज व्हायचा. कधी सांगायचं असे, आवाज उंच होता की खालचा. कधी सांगायचं असे, आवाज झाला त्या क्षणी तुमची बॅट वर जात होती की खाली. आवाजाकडे लक्ष देताना मुरलेल्या खेळाडूंचं काहीच बिघडलं नाही. बॅटकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर मात्र त्यांचं टायमिंग बिघडलं. मग पैशाचं आमिष दाखवून दडपण आणलं, तेव्हा त्यांचे फटके बिघडले, पण बॅट कुठे होती हे सांगण्यात ते चक्क सुधारले! म्हणजे दडपणाखाली त्यांचं लक्ष आपोआप आत, स्वतःच्या हातांकडे वळलं होतं.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. पिचरच्या हातून सुटलेला ताशी १५० किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत पोचायला सुमारे ०.४ सेकंद घेतो. एवढ्या वेळात पायरी पायरीने विचार करून बॅट फिरवता येत नाही. हजारो तासांच्या सरावाने ती कृती एकसंध झालेली असते आणि तिच्यावर जाणिवेची देखरेख उरलेली नसते. जिना उतरताना पाऊल कुठे पडतंय याचा विचार करायला लागलं की आपण अडखळतो, तसंच हे. नवशिक्याचं मात्र उलटं असतं. त्याला पावलाकडे बघावंच लागतं, त्यामुळे बॅटकडे लक्ष दिल्याने त्याचं फारसं नुकसान होत नाही.

प्रयोगशाळेत एवढं ठळक दिसणारं मैदानावरच्या आकड्यांत इतकं पुसट का होतं? माझ्या मते कारण चाळणीत आहे. मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीपर्यंत, पोचणारा माणूस शाळेच्या संघापासून दर टप्प्यावर निवड-चाचण्या, बघायला आलेले स्काउट, धाकट्या लीगमधली बसची रात्र आणि सकाळी जाणारी नोकरी यांतून तावून निघालेला असतो. प्रेक्षक समोर आले की ज्याची बॅट गोठते तो या वाटेत कधीच गळून पडलेला असतो. उरतात ते सगळे दडपण बऱ्यापैकी झेलणारे, म्हणून त्यांच्यात आपसात फरक थोडा. आपल्याकडे सचिनबद्दल झालेला वाद याच जातीचा. जानेवारी १९९९मध्ये चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात पाठदुखी सहन करत १३६ धावा काढलेल्या माणसाला, संघ १२ धावांनी हरला म्हणून, शेवटपर्यंत न टिकणारा ठरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता ज्यांना मोक्याचे बादशहा म्हणतात त्यांच्याकडे बघू, कारण तिथे गंमत जास्त आहे. रेगी जॅक्सन म्हणजे ‘मिस्टर ऑक्टोबर’. १९७७च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्याने तीन वेगवेगळ्या पिचरच्या पहिल्याच चेंडूंवर सलग तीन होम रन मारले. पण त्याच ऑक्टोबरात, त्या आधीच्या फेरीत, त्याने १६ प्रयत्नांत २ फटके मारले होते आणि निर्णायक सामन्याच्या सुरुवातीला त्याला बाकावर बसवलं होतं. वर्ल्ड सीरिजमधली त्याची एकूण सरासरी ०.३५७, तर आधीच्या फेरीतली, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकांमधली, ०.२२७. मिस्टर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा तसा बेताचाच.

डेव्हिड ऑर्टिझचं २०१३ घ्या. बोस्टनच्या या लाडक्या बॅटरने डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत २२ प्रयत्नांत फक्त २ फटके मारले, म्हणजे रॉड्रिगेझच्या बदनाम मालिकांच्याच पंगतीतली कामगिरी. पण त्या दोनांतला एक होता तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला, हरत आलेला सामना बरोबरीत आणणारा होम रन. लगेच पुढच्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने १६ प्रयत्नांत ११ फटके मारले. तीन आठवड्यांच्या आत ०.०९१ आणि ०.६८८, तोच माणूस, तेच काळीज. यँकीजच्या डेरेक जीटरला तर ‘कॅप्टन क्लच’, म्हणजे मोक्याचा कप्तान, म्हणायचे. त्याची एरवीची सरासरी ०.३१० आणि १५८ प्लेऑफ सामन्यांतली ०.३०८. मला जीटरचं कौतुक याचसाठी वाटतं. तो ऑक्टोबरात वेगळा कुणी झाला नाही, वर्षभर होता तसाच राहिला.

आणि रॉड्रिगेझ? २००९मध्ये, आधी उत्तेजकांची कबुली आणि मग कमरेच्या सांध्यावरची शस्त्रक्रिया असं लाजिरवाणं, दुखरं वर्ष सुरू झाल्यावर, प्लेऑफमध्ये त्याने ०.३६५च्या सरासरीने ६ होम रन मारले. मिनेसोटाविरुद्ध नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये बरोबरी साधणारा एक, अनाहाइमच्या संघाविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये बरोबरी साधणारा आणखी एक, आणि वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना आघाडी मिळवून देणारा डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका. यँकीज विजेते झाले. वर्तमानपत्रांनी लिहिलं की त्याने मनावर विजय मिळवला. मला वाटतं, त्याला फक्त थोडे जास्त प्रयत्न मिळाले.

या सगळ्या काळीजचर्चेत शरीर हमखास विसरलं जातं. टेड विल्यम्स १९४१च्या शेवटच्या दिवशी ०.३९९५५वर होता. बाकावर बसला असता तर तो आकडा ०.४०० धरला गेला असता. तो दोन्ही सामने खेळला, ८ प्रयत्नांत ६ फटके मारले आणि ०.४०६वर थांबला. पाच वर्षांनी, कारकिर्दीतल्या एकमेव वर्ल्ड सीरिजमध्ये, त्याच माणसाने २५ प्रयत्नांत ५ फटके मारले आणि कच खाल्ल्याचा शिक्का बसला. मालिकेआधीच्या सराव सामन्यात चेंडू लागून त्याचं कोपर सुजलं होतं, ही माहिती शिक्का मारणाऱ्यांच्या सोयीची नव्हती.

१० ऑक्टोबर २०१२ला बाल्टिमोरविरुद्ध यँकीज एका धावेने मागे असताना मॅनेजर जो जिरार्डी यांनी नवव्या इनिंगमध्ये रॉड्रिगेझला थांबवून ४० वर्षांच्या राऊल इबान्येझला पाठवलं. समोरचा पिचर उजवा होता आणि इबान्येझ डावखुरा, हा बेसबॉलमधला जुना, आकड्यांनी सिद्ध झालेला फायदा. इबान्येझने होम रन मारून बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये दुसरा मारून सामना जिंकून दिला. रॉड्रिगेझने त्या प्लेऑफमध्ये २५ प्रयत्नांत ३ फटके मारले आणि जुनी हुर्यो पुन्हा सुरू झाली. नंतर तपासणीत त्याच्या कमरेच्या डाव्या सांध्यातली कूर्चा फाटलेली आढळली, आणि जानेवारी २०१३मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.