वाघजाई : आमच्या गुराबेची आणि तिच्यावरच्या माणसांची पार्श्वभूमी

आम्ही मित्र मिळून एक गोष्ट रचतोय, तिच्यात नवीन लोक सामील झाले की पहिला प्रश्न ठरलेला, साताऱ्यात बसून जहाजाची गोष्ट कशी काय सुचली, इथून समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. पण मराठी आरमाराचा धनी साताऱ्यातच बसायचा ना. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि त्यांच्या सरखेलपदावर, म्हणजे आरमारप्रमुखपदावर, शिक्कामोर्तब झालं ते याच गादीकडून. म्हणून आम्ही मित्रांनी गोष्ट रचायला घेतली तेव्हाच ठरवलं की जहाज आपलं पाहिजे, गुराबच पाहिजे, म्हणजे मराठी आरमाराचं शिडाचं लढाऊ जहाज, कवटीचा झेंडा वगैरे काही नको.

सुरुवात होते फेब्रुवारी १७५६ ला, विजयदुर्गात. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे, त्यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एक झाले होते. इंग्रजी तोफांचा एक गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला, हे जहाज तुळाजींनी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं, ते पेटलं आणि बाकीची सगळी शेजारी शेजारी नांगरलेली, त्यामुळे आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार तिथल्या तिथं जळून गेलं. मला अजूनही हे वाचताना त्रास होतो, कारण एवढं आरमार परत उभं राहिलंच नाही. इथपर्यंत खरा इतिहास. इथून पुढचं आमचं: एका गुराबेचा दोर कोणीतरी वेळेत तोडला आणि ती वाघोटणच्या खाडीत आत आत सरकली. तीच वाघजाई.

ती दोन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे टनांची. गुराबेची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि पुढं उतरती असते, लाट आली की पाणी नाळेवर चढून दोन्ही बाजूंनी ओघळून जातं, आणि नाळेच्या मागच्या फळीतून दोन तोफा सरळ पुढं रोखलेल्या. पण वारा पडला की गुराब जागची हलत नाही, मग वल्ह्यांची गलबतं तिला दोर बांधून ओढायची. हा दोर लक्षात ठेवा, आमची अर्धी गोष्ट त्याच्यावरच चालते, कारण वाघजाईची गलबतं त्या दिवशी जळाली.

पहिले खलाशी म्हणजे एक म्हातारा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, कोळी-भंडारी पोरं आणि तोफा डागणारा एक फिरंगी गोलंदाज. जादू एकच ठेवलीय, वाघजाईला धुकं म्हणजे पाणी. बाकीची जहाजं पावसाळ्यात शाकारून ठेवतात, ही मात्र पावसाळ्यातच निघते. घाटात धुकं दाटलं की कोकणातून वर चढते, वासोटा किल्ल्याच्या कड्याला लागून कोयनेच्या खोऱ्यात उतरते. धुकं विरलं की जिथं असेल तिथं सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, अडकून पडते, मग पुढचं धुकं येईपर्यंत बसा.

खलाशांची दुसरी पिढी इथं येते. खोऱ्यातले धनगर. त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता, पण वारा कुठल्या खिंडीतून येणार आणि धुकं किती वेळ टिकणार हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? काथ्याचे दोर खांद्यावर घेऊन ते जमिनीवरून चालतात आणि वर धुक्यात गुराब त्यांच्या मागं येते, म्हणजे गलबतांचं काम माणसांनी घेतलं. तांडेलाला सुरुवातीला हे अजिबात पटत नाही, तो त्यांना खलाशीच मानत नाही, आणि हे भांडण आम्ही मुद्दाम मिटवलेलं नाही.

मग १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला, गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि माणसं लांब लांब वसवली गेली. बामणोली, तापोळ्याला आज आपण लाँचमधून हौसेनं फिरतो ते पाणी त्यांच्या शेतांवर उभं आहे. वाघजाईला दोनशे वर्षांनी खरं पाणी मिळालं ते असं. तिसरी पिढी म्हणजे या गावांतून न निघालेले लोक, गोष्टीत ते गुराबेवर चढले. माझ्या मते गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच. तांडेलाला परत समुद्र गाठायचाय, आणि या लोकांना उन्हाळ्यात पाणी उतरून जुन्या घरांच्या खुणा दिसेपर्यंत इथून हलायचंच नाहीये.

सध्याची व्यवस्था अशी: शीड आणि सुकाणू तांडेलाकडे, दोर धनगरांकडे, नांगर कुठं टाकायचा हे बुडालेल्या गावांची माणसं ठरवतात. नवीन येणाऱ्यानं आधी सांगायचं की तो या तिघांपैकी कोणाचा, आणि मग तो नांगर उचलायच्या बाजूचा आहे की टाकायच्या.